बापाने तोंड पाहू नये

नौपाडा, ठाणे
११ डिसेंबर १९५३, शुक्रवार

चि. त्र्यंबकराव, पोटभर आशीर्वाद.

आजी झाले हो मी! मंगळवारी सकाळी, खालच्या बिऱ्हाडात पोळ्या लाटायला घेतल्या त्या सुमारास. तार मिळालीच असेल, पण तारेत दोन शब्द, त्यात बाळ कसलं दिसणार. म्हणून हे निळं आंतर्देशीय. कार्ड टाकलं तर आधी पोस्टमन वाचतो, मग चाळ वाचते, मग ज्याचं त्याला मिळतं.

सासूने जावयाला पत्र लिहायची आमच्यात रीत नाही. लिहायचं ते घरच्या पुरुषाने. पण ह्यांना जाऊन वर्ष होत आलं, आता ते भिंतीवर फोटोत आहेत. माझी शाळा दुसरीपर्यंत. तिसरीच्या पाटीवर दोन धडे लिहिले नि लग्न ठरलं. तेव्हा ऱ्हस्वदीर्घ तुमचं तुम्ही लावून घ्या. तुम्ही मास्तर, लाल शाई घरात असणारच.

मुलगी आहे. जावळ एवढं, एवढं, की सगुणा म्हणाली, "बाय, हिची येनी आताच घालू का?" सगुणा म्हणजे न्हाऊ घालायला येते ती, चेंदणी कोळीवाड्यातली. हात खरबरीत, पण बाळ तिच्या हातात गेलं की गप्प. माझ्या हातात आलं की भोकाड. मी म्हटलं, अगं मी आजी तुझी, तर आणखी मोठ्याने.

परवा तुमचे भाऊकाका कल्याणहून आले. हातात पेढ्यांचा पुडा, पण चेहरा उतरलेला. म्हणाले, "विहीणबाई, मूल मूळ नक्षत्रावर झालंय. जोशीबुवांना विचारूनच आलो. तेच नक्षत्र फिरून येईल त्या दिवशी शांत करायची. तोवर बापाने तोंड पाहू नये. आधी तेलाच्या वाटीत छाया बघायची, मग प्रत्यक्ष." मी विचारलं, त्र्यंबकराव काय म्हणाले? तर म्हणाले, "लगेच हो म्हणाला. म्हणाला, काका, तुम्ही सांगाल तसं."

केवढे समजूतदार हो तुम्ही. मी सुमतीला तसं सांगितलंही. तिने ऐकलं आणि कूस बदलली. दमली आहे. बाकी ठीक. काळजी करू नका. दोन ओळी तिला लिहा म्हणजे झालं.

सौ. सुमतीच्या आईकडून, म्हणजे आता आजीकडून


१७ डिसेंबर, गुरुवार

चि. त्र्यंबकराव, सुखी असा.

पत्र नाही आलं. डोंबिवलीचं टपाल उशिरा निघत असेल. तुमच्याकडे अजून रस्त्याला दिवा नाही, तिथे टपालाचं काय बोलावं.

रविवारी सहावी झाली. सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाते म्हणून पाटावर कोरा कागद नि टाक ठेवला होता. सकाळी कागद कोराच. गोदाक्का, आमची शेजारीण, म्हणाली, "तुझ्या टाकाला शाई कुठे होती?" खरंच विसरले होते मी. आता त्याच टाकाने हे लिहिते आहे, शाई घालून.

एक गोष्ट मनात घोळते ती लिहून टाकते. मुलीला पाचव्या महिन्यापासून सगळ्या सांगतात. असं बस, तसं उठ, घाबरू नको, कळा अशा येतात, मूल असं धरतात. डोहाळजेवणाला नऊ बायका जमल्या, नऊजणींनी नऊ तऱ्हा सांगितल्या. तुम्ही तेव्हा बाहेर गॅलरीत वर्तमानपत्र धरून बसला होतात. मी सरबत द्यायला आले तर पेपर उलटा. मी हसले नाही, पण पाहिलं. तुम्हाला कोणी काही सांगितलं? भाऊकाकांनी? छे. पुरुषाला कोण सांगतं. त्याला पेढा देतात नि म्हणतात, बाप झालास.

तर मी सांगते. बाळ घेताना एक तळवा मानेखाली. मान तिची अजून तिची नाही, आपण सांभाळायची. दुसरा हात कुल्ल्याखाली. आणि घट्ट धरायचं. नवे बाप काचेचं भांडं धरल्यासारखं सैल धरतात, मग मूल बिचकतं. उशी घेऊन बघा. तुम्हाला कोण बघतंय तिथे.

तोंड पाहायचं नाही, तेव्हा तोंडाचं मी काही लिहीत नाही. नाक कोणाचं घेतलंय ते विचारू नका. पण पायाला कुठे बंदी आहे? पायाचं दुसरं बोट अंगठ्याहून लांब. लग्नात ह्यांनी तुमचे पाय धुतले, मी पाणी घालत होते, तेव्हा पाहिलं होतं. तुमचंच बोट आहे. आणि शिंका दोन देते, एक कधीच नाही.

सुमती जरा शांत आहे. जेवण कमी. बाळंतपणात होतं असं.

आजी


२२ डिसेंबर, मंगळवार

चि. त्र्यंबकराव,

आज आशीर्वाद पत्राच्या शेवटी देईन. रागावले आहे थोडी.

दोन पत्रं गेली, उत्तर नाही. तुमच्या शाळेतले पोपटराव शनिवारी बाळासाठी मच्छरदाणी देऊन गेले, तुम्ही पाठवलेली. चांगली आहे. सोबत चिठ्ठी शोधली, घडी उलगडून झटकून पाहिली, नव्हती. मी त्यांना विचारलं, मास्तर बरे आहेत ना? तर म्हणाले, "बरे आहेत. शाळा सुटली तरी वर्गात बसून असतात." शाळेत बसून घर सापडतं का हो?

आता मला एक सांगा. लग्न ठरवताना ह्यांनी पत्रिका मागितली, तेव्हा तुम्ही म्हणालात, "ग्रह आकाशात असतात, कागदावर नाही." ह्यांना राग आला होता. रात्री मला म्हणाले, "शिष्ट आहे." मला मात्र आवडलं होतं. तुम्ही विज्ञान शिकवता, ग्रहणात जेवता, सुमतीलाही जेवायला लावता. आणि भाऊकाकांनी मूळ नक्षत्र म्हटल्याबरोबर लगेच हो? एकदाही "का" नाही?

मी नक्षत्र मानते. शांत व्हायला हवी, होईलच. पण तुम्ही मानत नाही. मग तुम्ही त्याच्या आड का बसलात, याचाच विचार भाकऱ्या थापताना करत होते. एक करपली.

तुमची आई तुम्ही जन्मलात तेव्हाच गेली, हे भाऊकाकांनी बोलणी करताना सांगितलं होतं. मी तेव्हा मनात म्हटलं, बरं झालं, पोरीला सासुरवास नाही. मुलीची आई एवढाच विचार करते. आज त्या वाक्याचं दुसरं टोक कळतंय. बाळंतपण म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे जे येत असेल ते आमच्या नऊ बायकांपैकी एकीच्याही डोळ्यांपुढे नव्हतं.

तर ऐका. सुमती जिवंत आहे. ताप नाही, काही नाही. चालते, बोलते.

बोलते म्हणजे कमीच बोलते. खरं लिहू का? बाळाला पाजते आणि भिंतीकडे बघते. मी म्हणते, अगं बघ कशी हसली झोपेत. ती म्हणते, हं. बाळाला अजून कोणत्याही लाडक्या नावाने हाक मारलेली नाही तिने. सगुणाही काल म्हणाली, "बाय, पोरीचा जीव थाऱ्यावर नाय. जावय कवा येल?" मी म्हटलं, शाळेला परीक्षा आहेत.

खोटं बोलले ना? तुमच्यासाठी.

आशीर्वाद.

आजी


२४ डिसेंबर, गुरुवार

चि. त्र्यंबकराव,

घाईत लिहिते. आज दुपारी सुमतीने विचारलं, "आई, त्यांना मुलगी नको होती का?"

मी म्हटलं, काहीतरीच काय. नक्षत्राचं आहे ते. तर म्हणाली, "ते नक्षत्र मानत नाहीत गं." नि हसली. मला ते हसू मुळीच आवडलं नाही. ती माझी मुलगी आहे, तिचं रडणं मला चालतं.

रविवारी या. शाळेला नाताळची सुट्टी आहे, सबब नाही. मी सगळं ठरवलंय. तोंड पाहू नये एवढंच सांगितलंय ना? आवाज ऐकू नये असं जोशीबुवांनी कुठे म्हटलंय? तुम्ही गॅलरीत पाटावर बसा, दाराकडे पाठ करून. बाळ आत रडेल, तुम्ही बाहेर ऐका. सुमती दाराच्या आतून बोलेल, तुम्ही बाहेरून बोला. मी चहा करीन. लोक हसले तर हसू देत, चाळीला नाहीतरी दुसरं काम काय.

जावयाला बोलावणं लागतं. हे बोलावणं समजा. अक्षत पाठवायला माणूस नाही माझ्याकडे.

आजी


२८ डिसेंबर, सोमवार

चि. त्र्यंबकराव,

तुम्ही आला होतात.

गोदाक्काने पाहिलं. तळ्यावरून भाजी घेऊन येताना. म्हणाली, "अगं, तुझा जावई कोपऱ्यावरच्या वखारीशी उभा होता. हातात पिशवी. मी म्हटलं या ना, तर म्हणाला येतोच, तुम्ही व्हा पुढे." ती पुढे आली. तुम्ही नाही आलात. मी पाट मांडून ठेवला होता. सुमतीने केस विंचरले होते, पहिल्यांदाच स्वतःहून. मग तिने ते पुन्हा सोडले. गोदाक्काला मी सांगितलंय, बोलू नको तिच्याजवळ. माझ्याकडून कळायचं नाही तिला.

मी रागावले नाही. कोपऱ्यापर्यंत आलात ना. डोंबिवली स्टेशन, गाडी, ठाणं, तळं, सगळं पार केलंत, एवढा कोपरा राहिला. मी सकाळपासून त्याच कोपऱ्याचा विचार करते आहे.

आता माझं ऐका. बुधवारी मी डोंबिवलीला येते आहे. दोन वर्षांत तुमच्या घरी तीनदा आले, तीनदा तांब्यात पाणी घरून घेऊन. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये, आमच्या आईने घातलेली शिस्त. आता मला मोकळीक आहे. तुमच्या घरचं पाणी पिईन, चहा पिईन, वाटलं तर जेवेनही. घरी थांबा. शाळेत जाऊन बसू नका, शाळेला कुलूप आहे.

इथे सगुणा थांबेल बाळाजवळ. सुमतीला सांगितलंय की कल्याणला शांतीचं ठरवायला जाते.

आजी


३१ डिसेंबर, गुरुवार

चि. त्र्यंबकराव, सुखी असा, सुखी असा.

काल परतताना गाडीत खिडकीशी जागा मिळाली, तरी पारसिकचा बोगदा कधी गेला कळलं नाही. तुम्ही जे बोललात तेच कानात होतं. पत्रात पुन्हा लिहिते, रागावू नका. मला लिहिल्याशिवाय नीट समजत नाही.

चहा चांगला होता. साखर दोनदा घातलीत, एकदा आधी नि एकदा बोलताना. घर झाडलेलं होतं. पाळणा मात्र आढ्याला टांगून त्यावर चादर टाकलेली पाहिली. मी विचारलं, चादर कशाला? तुम्ही म्हणालात, धूळ बसते.

मग कप खाली ठेवून म्हणालात, "सासूबाई, माझ्या वडिलांनी माझं तोंड पाहिलं नाही. त्यांना तर कुठलं नक्षत्रही आडवं नव्हतं."

 

तुम्ही म्हणालात, मी समोर आलो की ते उठून जायचे. पंक्तीत माझं पान त्यांच्या पानापासून लांब असायचं. भाऊकाकांनी वाढवलं, काही कमी केलं नाही. पण वडील गेले तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो आणि ते माझ्याकडे कसे बघतात ते मला माहीत नव्हतं. मग म्हणालात, "मी तिच्याकडे पाहिलं आणि माझा चेहरा त्यांच्यासारखा झाला तर? आरशात मी त्यांच्यासारखाच दिसतो. भाऊकाकांनी नक्षत्र म्हटलं, मला वाटलं, सुटलो. थोडे दिवस तरी ती सुखात राहील."

अहो, केवढं हे घेऊन बसला होतात एकटे, त्या रिकाम्या वर्गात!

 मी तेव्हा आपलं म्हटलं, पाणी द्या अजून.  मी शिकलेली नाही. एवढं कळतं की ज्याला मूल नको असतं तो माणूस असला विचार करत नाही. पण हे मी म्हटलं म्हणून तुमची भीती जाणार नाही. भीतीसकट या. सोमवारी शांत आहे. दाराआडून बोलायचं राहिलं ते राहू दे.

सुमतीला मी सगळं सांगितलं. तुम्ही सांगू नका म्हणाला नव्हतात. ती पुष्कळ रडली. मग बाळाला घेतलं नि म्हणाली, "ठमे, तुझे बाबा वेडे आहेत." पहिली हाक ती. ठमी. आता बारशात नाव काहीही ठेवा.

आजी


नौपाडा
२९ जानेवारी १९५४, शुक्रवार

चि. त्र्यंबकराव, सौ. सुमती आणि ठमाबाई, तिघांना आशीर्वाद.

त्र्यंबकराव, तुमचं पत्र आलं. तुमच्या हातचं पहिलं. सुरुवातीला "ती. सौ." लिहून "सौ." खोडलंत, ते पाहून मला ह्यांची आठवण झाली. असो. पत्र दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

तुम्ही लिहिता, शांतीच्या दिवशी तेलात पाहिलं, मग बाळ मांडीवर घेतलं, पण काहीच वाटलं नाही. मला माहीत आहे. मी विधवा बाई, शांतीच्या होमापुढे यायचं नाही म्हणून स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तिथून सगळं दिसतं. विधीसाठी आणलेली गवळ्याची गाय सुपातल्या बाळाला हुंगून गेली तेव्हा सगळे हसले, तुम्ही नाही. तेलाच्या वाटीत वाकून पाहिलंत, तिथे काय दिसलं असेल देव जाणे. मग बाळ दिलं. मान बरोबर धरलीत. चेहरा मात्र दगडासारखा. भाऊकाका म्हणाले, "अरे, बघ तरी." तुम्ही बघत होता. मी पाहिलं, डोळे हलवले नाहीत तुम्ही. आणि सुमती तुमच्याकडे बघत होती. मी दाराची चौकट घट्ट धरली होती.

मग सव्वा महिना झाल्यावर येऊन दोघींना घेऊन गेलात. टांग्यात बसताना म्हणालात, "येतो." मला वाटलं आणखी काही बोलाल. टांगा गेला.

तुम्ही विचारता, बापाला पहिल्या दिवसापासून वाटायला हवं का? माझ्यात काही कमी आहे का? अहो, हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नाही, आणि मीही कोणाला विचारला नाही. सुमती झाली तेव्हा मी सतरा वर्षांची. सगळ्या म्हणाल्या, बघ, बघ कशी गोड. मी पाहिलं. लाल, सुजलेलं, कोणाचं तरी मूल. मला फक्त झोप हवी होती. दुपटी धुता धुता, पाजता पाजता, कधी एकदा ती माझी झाली. कुठल्या दिवशी ते मला सांगता यायचं नाही. डोहाळजेवणाला हे कोणी सांगत नाही, मीही सुमतीला सांगितलं नव्हतं. नंतरच्या बाईला वाटतं, आपणच तेवढ्या दगड.

पण त्र्यंबकराव, पत्राच्या मागच्या बाजूला, जिथे चिकटवायची पट्टी असते तिथे, तुम्ही बारीक अक्षरात लिहिलंय. मधल्या सुट्टीत शाळेतून धावत घरी येता. ती श्वास घेते का ते पाहायला. नाकापुढे बोट धरता. सुमती हसते, मुलं वर्गात वाट बघतात, हेडमास्तर बोलले. आज तर धोतर काट्याला अडकून फाटलं. हे सगळं लिहून खाली पुन्हा लिहिता, "पण वाटत मात्र काही नाही."

वाचून मी एकटीच मोठ्याने हसले. इतकी हसले की फोटोकडे बघून म्हटलं, ऐकलंत का, शिष्ट जावई काय लिहितो ते. मग ते कोणाला तरी वाचून दाखवावंसं वाटलं म्हणून कागद घेऊन गोदाक्काकडे गेले. ती लेकीकडे मुलुंडला गेली आहे, दाराला कुलूप. सगुणाही आता येत नाही, न्हाऊ कोणाला घालणार. थोडा वेळ गॅलरीत उभी राहिले नि परत आले. संध्याकाळचं दूध पावशेरच घेते हल्ली, गवळी रोज विचारतो, बस एवढंच?

तुम्ही धावत जात जा घरी. हेडमास्तर बोलले तर बोलू द्या. आणि लिहा मला. असंच, मागच्या बारीक जागेतलं. पुढच्या बाजूला काही नसलं तरी चालेल.

आजी